एकदाच वाजणारी फीत

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने कॅसेट प्लेअरची वायर कॉम्प्युटरला जोडली. दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, फीत पार जीर्ण झालीय, फार तर एकदा वाजेल. बाबा परदेशात नोकरीला असताना आई त्यांना पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. त्यातली ही एवढीच उरली होती.

"नीट लागलीय ना?" ताईने तिसऱ्यांदा विचारलं.

पडद्यावरची हिरवी रेघ उसळली.

"बघ, चालतंय. आता तोंड आवर."

बटण दाबलं. खरखर, आणि मग आई.

"अहो, ऐकताय ना? धाकट्याचा पुढचा दात पडलाय. हसला की म्हाताऱ्यासारखा दिसतो."

"आता तर बघायलाच नको," ताई म्हणाली.

"तुझं काय गं? आरशात बघ जरा."

मागे नळ वाहत होता, बादली भरत होती. आईने हाक मारली, "ताई, इकडे ये. बाबांशी दोन शब्द बोल."

नुसती खरखर. ताईला आठवलं. नऊ वर्षांची ती, फुगून खाटेखाली बसलेली. बाबा वाढदिवसाला आले नव्हते.

"ये ना गं. किती वेळ धरून बसू?"

"आले गं," एकसष्ट वर्षांची ताई म्हणाली. खुर्ची पुढे ओढली. "बाबा, मी बरी आहे. तुम्ही या लवकर."

धाकटा खिडकीकडे बघत राहिला.

तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला. फीत तुटून आत गुंडाळली गेली.

"असू दे. उतरलंय सगळं," म्हणत त्याने फाइल लावली.

आई लांबून, पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखी येत होती. जवळून येत होते ते हे दोघे. त्याने पडद्यावरच्या सेटिंगवरून बोट फिरवत नेलं आणि ते 'माइक' या शब्दावर थांबलं. कॉम्प्युटरने वायरमधून काहीच घेतलं नव्हतं. स्वतःच्या माइकने खोलीतलं तेवढं टिपलं होतं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "यातले आपले आवाज पुसून देणारे असतात कुणी. विचारू का?"

ताईने हाताने त्याला गप्प केलं. आईने हाक मारली होती. मग खरखर. मग, "आले गं."

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

सहा वाजेपर्यंत ती फाइल चार वेळा वाजली. तिला नाव अजून दिलेलं नव्हतं.