चित्राच्या कडेची ओळ

चित्राने घराला आत्मा मिळतो, असं चष्मेवाला चारचौघांत सांगायचा. चिनी चित्र त्याने आणलं होतं ते मात्र भिंतीची ओल झाकायला.

चित्रात धुकं होतं, डोंगर होते आणि कडेला अक्षरांच्या उभ्या ओळी. समोरच्या पलंगावर अंथरुणाला खिळलेली बायको दिवसभर तेच बघत पडून असायची.

"अहो, जन्मभर दुकानात लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतलीत. ही पण घ्या की कुणाकडून तरी वाचून!"

म्हणून त्याने चिनी शिकवणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंना घरी बोलावलं.

"तिकडे रीतच आहे, वहिनी," बाई म्हणाल्या. "चित्र ज्याच्या घरी जाईल, तो मालक कडेला आपली ओळ लिहितो."

"म्हणजे पोरं बाकावर नावं कोरतात, तसंच!"

बाई हसल्या आणि वाचू लागल्या. "पहिला म्हणतो, बायको आजारी, तिच्यासमोर हे टांगलं. दुसराही तेच म्हणतो. तिसराही."

"अगंबाई, चित्र आहे की दवाखाना?" पलंगावरून आवाज आला. "आणि शेवटचा?"

"'ओल झाकायला आणलं. तिचा हट्ट म्हणून वाचणारीला बोलावलं. वाचून होईपर्यंत...'"

बाई थांबल्या. त्यांनी शेवटच्या अक्षराला बोट लावलं. ओल्या शाईने बोट काळं झालं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी? मला कुठलं चिनी येतंय?" चष्मेवाल्याने हसायचा प्रयत्न केला. मागे पलंगाकडे वळून बघायचं मात्र त्याला धाडस होईना.

बाईंनी बोट रुमालाला पुसलं. पुढे काय लिहिलंय, ते पलंगावरून कुणी विचारलं नाही.