जाळ्याचा निरोप

“फाईल डोयासमोर पडून हाये, अन् तुले दिसून नाई राहिली?” भूपेश लॅपटॉपवर खेकसला. सकाळपासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

साकोलीजवळच्या त्या गावात मासेमारी सोसायटीचे निरोप सभासदांच्या मोबाईलवर जावेत, म्हणून त्याने प्रोग्राम लिहिला होता. चाचणीचा निरोप मात्र एकाच नंबरावर जायचा, घरच्या, म्हणजे बापाच्या मोबाईलच्या. तो नंबर ‘एन्व्ह’ नावाच्या सेटिंगच्या फाईलमध्ये होता. टर्मिनलमधून चालवलं की प्रोग्राम ती फाईल निमूट वाचायचा. एडिटरच्या, चुका शोधायच्या डिबगरमधून चालवलं की तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. भूपेश दात-ओठ खात बटण दाबत राहिला.

अखेर सापडलं. डिबगरच्या सेटिंगमध्ये फाईलचा पत्ताच द्यायचा राहिला होता. एवढ्याशा ओळीसाठी अख्खी सकाळ! त्याने ती ओळ घातली आणि कपाळाचा घाम पुसला.

तेवढ्यात त्याचा बाप मंगरू, सोसायटीचा अध्यक्ष, धापा टाकत घरापुढच्या छपरीत आला.

“काहून रे, जाळे टाकाले तू सांगतलं का? सारे डोंगे घेऊन तलावावर जाऊन राहिले!”

भूपेशने यादी उघडली: निरोप सगळ्या सभासदांना गेला होता. घरचा नंबर सापडला नाही तर निरोप सगळ्यांना पाठव, असं त्यानेच शहाणपणाने लिहून ठेवलं होतं. आणि चाचणीसाठी सुचेल ते टाकलं होतं: ‘आज जाळी टाकायची. – मंगरू.’

तलावात सोडलेली बोटुकली, माशांची पिल्लं, अजून बोटभरच होती. आज जाळी ओढली तर ती तडफडून मरणार, आणि गावाचा अख्खा हंगाम पाण्यात जाणार.

“बाबा, मंग थांबवा ना त्याहिले!”

“घसा फाटेस्तोवर सांगतलं! डोंग्यावरचा तुलाराम म्हणते, ‘मोबाईलवर तुयंच नाव हाये.’ तोंडचं आता कोन आयकते? मोबाईलवरच सांग. लवकर कर!”

भूपेशने घाईघाईने टाईप केलं: ‘जाळी टाकू नका. मासे लहान आहेत. – मंगरू.’ त्याने सवयीने तेच डिबगरचं बटण दाबलं.

या वेळी प्रोग्रामने फाईल बिनचूक वाचली.

मंगरूच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने तो डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचू लागला. तलावाच्या पाळीपलीकडून ‘ओढा रे’ अशी आरोळी आली.

“मले काहून सांगतं, बापा?” मंगरू म्हणाला. “मले तं माहीत हाये.”