दूध बंद करायचं राहिलं

रिटायर झाल्यावर पद्मजाताई पाठीवर सॅक टाकून एकट्याच हिमाचलातल्या एका लहानशा गावी गेल्या. दिवसभर देवदारांतून भटकायचं आणि संध्याकाळी ओसरीवर चहा घेत बसायचं. एकदा डोंगर उतरताना अंधारलं, तर मुक्कामाच्या घरची सून बॅटरी घेऊन अर्ध्या वाटेवर शोधत आली. "तुम्ही दिसला नाहीत, जीव नुसता टांगणीला लागला होता," ती हिंदीत म्हणाली.

आठवड्याने त्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर परतल्या. जाताना दूध बंद करायला सांगायचं राहूनच गेलं होतं. दाराला अडकवलेल्या पिशवीत आठवडाभराचं दूध नासून गळत होतं.

वर चिठ्ठी चिकटवलेली होती : "आपण दूध हवं तितकं साठवावं, पण घरात. जिन्यात वास येतो. – शेजारी"