पूर्ण नाव टाका

“आडनाव राहिलंय तुमचं,” सुमंत पटवर्धन म्हणाला, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर त्याच्या माउसचा बाण ‘राजाराम’ या नावाभोवती माशीसारखा घिरट्या घालू लागला.

अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या निवृत्त मराठी मंडळींचं हे संगणक मंडळ. शनिवारी सकाळी ऑनलाइन भरायचं. आजचा विषय व्हिडिओ कॉलची साधनं: कुठलं फुकट, कुठलं सेफ, कुठल्यात नातवंडं नीट दिसतात. अध्यक्ष सुमंत स्टडीत बसला होता. त्याची बायको वसुधा स्वयंपाकघरात, टॅब्लेट पिठाच्या डब्याला टेकवून पोळ्या करत होती. दोघं एका खोलीत बसले की स्पीकर किंचाळायचे, म्हणून मधे भिंत. ही व्यवस्था वसुधाला एकूणच सोयीची वाटत होती.

राजारामला तिनंच बोलावलं होतं. इंडियन स्टोअरमध्ये ज्वारीच्या पिठापाशी भेटला. मूळचा नागपूरचा, निवृत्त फार्मासिस्ट. बायको गेल्या वर्षी वारली. लेक दूर बॉथेल गावी, ती फोनवर इंग्लिशमध्येच उत्तरं देते. “घरात मराठी उरलीय ती फक्त वरण खाली लागलं की शिव्या द्यायला,” तो म्हणाला होता. वसुधानं तिथल्या तिथे लिंक पाठवली. हा माणूस मंडळात टिकावा, एवढंच तिला हवं होतं. आणि आपला नवरा त्याला टिकू देणार नाही, हे आता तिला दिसायला लागलं होतं.

“सिक्युरिटीचा प्रश्न आहे,” सुमंत म्हणाला. “कोणीही मीटिंगमध्ये घुसतं हल्ली. पूर्ण नाव टाका. नावावर क्लिक करा, रीनेम दाबा. सोपं आहे.”

“मी समोर बसलोय की. चेहरा दिसतोय ना?”

“चेहऱ्यावरून काय कळतं?”

कळत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. चिप बनवणाऱ्या कंपनीत जन्म काढला, पासपोर्ट बदलला, पोहायचा तलाव असलेलं घर बांधलं. पण समोरच्याची जात हुंगल्याशिवाय या गृहस्थाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. जात विचारायची छाती नाही, म्हणून आडनाव विचारायचं. आडनावानं भागलं नाही की गाव.

राजारामनं मान डोलावली. टकटक केलं. नाव झालं: राजाराम पटवर्धन.

“अरे!” सुमंत खुर्चीत पुढे सरकला. “बोलला नाहीत आधी! कुठले पटवर्धन?”

“थांबा हं, आणखी एक करून बघतो.” नाव झालं: राजाराम नाडकर्णी.

“कारवारचे का हो?” इतका वेळ डुलक्या काढणारा गुरुदत्त नाडकर्णी खडबडून जागा झाला. “आमची आत्या तिकडेच दिलेली, यार!”

“रीनेम फस्क्लास चालतंय, सुमंतराव,” राजाराम म्हणाला. “दोन मिनिटांत दोन घराणी झाली. आता जेवायला कुणाकडे येऊ?”

चार-पाच चौकोन खदखदले. वसुधा इतकी हसली की पोळी तव्यावर घडी होऊन पडली.

सुमंत हसला नाही. “चेष्टा पुरे. खरं आडनाव टाका, नाहीतर मला रिमूव्ह करावं लागेल. रूल इज रूल.”

राजारामनं आडनाव पुसलं. परत नुसतं ‘राजाराम’ उरलं.

“जात विचारायचीय ना? मग जात विचारा. बौद्ध आहे मी, छातीठोक सांगतो. त्या सिक्युरिटीला कशाला मधे राबवता?”

कुणाला एकदम तहान लागली. कुणी कॅमेरा बंद केला. सुमंतचा बाण रिमूव्हच्या दिशेनं निघाला.

वसुधानं शेगडी बंद केली. मग कॅमेराही बंद केला. कणकेच्या बोटानं ‘वसुधा पटवर्धन’ पुसून काढलं आणि तिथे लिहिलं: सुजाता.

स्क्रीनवर एक काळा चौकोन उगवला, त्यात तेवढाच एक शब्द.

“हे बघा!” सुमंत कडाडला. “सुजाता! हिलाही आडनाव नाही. यांच्यातलीच असणार. एकाला आत घेतलं की मागून दुसरी येते, म्हणून मी म्हणतो सिक्युरिटी!”

“माझ्या ओळखीची नाही हो ही,” राजाराम म्हणाला.

“माझ्या तर नाहीच नाही,” सुमंत म्हणाला आणि त्यानं आधी तिलाच उडवलं.

वसुधानं हौसेनं आपला टॅब्लेट मराठीत करून घेतला होता. त्यावर अक्षरं उमटली: ‘यजमानांनी तुम्हाला बाहेर काढले आहे.’ ती स्वतःशीच हसली. त्या मुक्या यंत्राला कुठून कळलं, कोण जाणे.

स्टडीत गुरुदत्तचा आवाज आला, “अरे सुमंत, वहिनी कुठे गेल्या? दिसत नाहीत.”

सुमंतनं सगळे चौकोन धुंडाळले. “वसुधा! अगं, तू का बाहेर पडलीस?”

ती तशीच, कणकेच्या हातांनी, त्याच्या खुर्चीमागे येऊन बरोबर कॅमेऱ्यात उभी राहिली.

“मी नाही पडले. तुम्ही काढलंत.”

“मी? मी तर त्या सुजाताला काढलं!”

“राजारामभाऊ, तुम्ही कुठेही जायचं नाही,” ती आधी स्क्रीनकडे बघून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली.

“लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘वसुधा’ लिहिलंत, ते नंतर. त्याआधी आमच्या घरी मला बघायला आला होतात. मान खाली घालून एकच प्रश्न विचारलात, नाव काय. मी सुजाता सांगितलं होतं.”