पैसे न घालता प्रसार

"हा लेख आत्ताच्या आत्ता काढून टाका," वृद्धाश्रमाचे अध्यक्ष उभ्यानेच म्हणाले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ब्लॉगचा मोफत वर्ग चालू होता. ग्रंथपाल बाईंनी फळ्यावर नुकताच आजचा विषय लिहिला होता, 'पैसे न घालता प्रसार'. खडू त्यांच्या हातातच राहिला. अध्यक्षांनी आपला मोबाइल गाण्याच्या बाईंच्या नाकासमोर धरला.

लेख गाण्याच्या बाईंचाच होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर गळ्याची निगा कशी राखावी ते लिहायचं म्हणून त्यांनी ब्लॉग सुरू केला. जागा फुकट, तयार मांडणी फुकट, फुलांची चित्रंही फुकट. पहिल्या लेखांकडे वर्गातल्या मंडळींखेरीज कोणी फिरकलं नाही. नवा लेख मात्र गळ्यावर नव्हता. तो ताईच्या मनगटांवर होता.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता ती वृद्धाश्रमात होती. एका दुपारी बाई न कळवता भेटायला गेल्या, तर ताईचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधलेले. शेजारच्या पलंगांवरही तोच प्रकार. "पडू नयेत म्हणून," तिथली आया म्हणाली. ताईच्या गालावर माशी बसली होती आणि ताईला ती हाकलता येत नव्हती. बाईंनी जे पाहिलं तेवढंच लिहिलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. कोणीतरी ते अध्यक्षांना दाखवलं.

"त्यात खोटं काय आहे?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"खरंखोटं करायला मी आलेलो नाही. संस्थेचं नाव खराब होतंय." अध्यक्ष गाण्याच्या बाईंकडे वळले. "लेख राहणार असेल तर उद्या ताईंना घेऊन जा. सांभाळा घरी."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद. स्वतःच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाईच कठडा धरून एकेक पायरी चढायच्या. अध्यक्षांना हे ठाऊक होतं. म्हणून तर ते इतक्या शांतपणे बोलत होते.

बाईंनी लेख पुसला. तो गेल्याची खात्री होईपर्यंत अध्यक्ष त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. "शहाण्या आहात," ते म्हणाले आणि निघून गेले.

वर्गातला घड्याळजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. तो जुन्या घड्याळांवर लिहायचा. त्याच्या ब्लॉगला एकच नियमित वाचक होती, त्याची मेव्हणी, आणि तीही चुका काढायला यायची. कुंड्यांमधल्या भाज्यांवर लिहिणारे काका संतापाने लाल झाले होते. शेवटी पार्लरवाली उठून बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"मावशी, लेख माझ्याकडे उतरवून ठेवलाय. सासूबाईंना वाचून दाखवायचा होता. तुम्ही म्हणाल तर माझ्या ब्लॉगवर टाकते. नको म्हणाल तर पुसून टाकते."

बाईंनी आपल्याच मनगटाकडे पाहिलं. गप्प बसलं तर ताईचा पलंग टिकत होता. बोललं तर ताई रस्त्यावर.

"ठेवून घेतील तिला," त्या सावकाश म्हणाल्या. "पण बांधूनच ना?"

मग त्या पार्लरवालीकडे वळल्या.

"टाक. माझ्या नावासकट टाक."

"मलाही पाठव," घड्याळजी म्हणाला. काकांनी घसा खाकरला. "आणि हे बघा, ताईंना काढलंच, तर आमची तळमजल्यावरची खोली आहे. कुंड्या काय, अंगणात जातील."

ग्रंथपाल बाईंनी खडू खाली ठेवला. त्या दिवशी वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

लेख कोंड्यावरच्या उपायांच्या आणि नवरीच्या केशरचनांच्या मधोमध आला. भिंतीवरच्या घड्याळांच्या खाली आला. टोमॅटोच्या रोपांवरही आला. प्रत्येक ठिकाणी वर एक ओळ होती : 'हा लेख आमच्या डोळ्यांदेखत काढायला लावला गेला.' लेखापेक्षा ती ओळच जास्त धावली. एवढं लपवण्यासारखं आहे तरी काय, ते बघायला लोक आले, आणि वाचून झाल्यावर त्यांना आपापली माणसं आठवली.

रविवारी सकाळी बाई काठी टेकत वृद्धाश्रमात पोचल्या, तेव्हा फाटकाशी गर्दी होती. कोणाचे मुलगे, कोणाच्या सुना, कोणाच्या भाच्या. ओरडत कोणीच नव्हतं. त्यांना फक्त वर जायचं होतं. भेटीच्या वेळेला नाही, आत्ता. पहारेकऱ्याने एकदा सगळ्यांची तोंडं न्याहाळली आणि फाटक उघडलं.

वर एका दणकट माणसाला वडिलांच्या पट्टीची गाठ सुटत नव्हती. इतकी आवळली होती की शेवटी त्याने ती दातांनी सोडवली. नंतर तो वडिलांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत बसला. त्याला मान वर करवत नव्हती.

अध्यक्ष धापा टाकत जिना चढून आले. गाण्याच्या बाई ताईच्या पलंगावर बसून दुसरा हात मोकळा करत होत्या.

"एवढ्या लोकांना गोळा केलंत," ते म्हणाले. "हे बरं केलं नाहीत तुम्ही."

बाईंनी पट्टी पूर्ण सोडवली, घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी लिहिलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्यांनी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "या सगळ्यांना तुम्ही बोलावलंत."