मागची सीट

“हिला पेट्रोलचा काटा नाही. ही पट्टी टाकीत बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं,” यशवंत सांगत होता. त्रेपन्न सालची करडी फ्रेंच गाडी. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या त्या गल्लीत सगळे तिला बदक म्हणत. ती विकत घेणारे क्रेमर जवळच्या खेड्यातले द्राक्षबागायतदार. त्यांनी पट्टी हुंगून पाहिली, मान डोलावली आणि मागचं दार उघडलं.

आत नुसता पत्रा होता.

“सीट कुठंय?”

यशवंत गोंधळला. मग बायकोकडे वळून म्हणाला, “अगं मालिनी, ती सीट गाडीची, नाही का?”

मालिनीला ते आठवडाभर आठवत होतं. तिने मुद्दामच विषय काढला नव्हता.

ती सीट वर आणली तेव्हा खोलीत एकच खुर्ची होती. दर रविवारी यशवंतचा मित्र भास्कर आणि बाकीचे पीएचडीवाले त्या सीटवर दाटीवाटीने बसून वरणभात खात. मग सुलेखा झाली आणि पाहुणे जमिनीवर बसू लागले. पोर आता दोन वर्षांची होती आणि दुसऱ्या कशावरही झोपत नसे.

तिघं वर गेली. बांधलेल्या ट्रंकांच्या मधोमध, सीटवर मुठी मिटून सुलेखा झोपली होती. उद्या जेनोव्हाची आगगाडी, पुढे मुंबईची बोट.

क्रेमरनी दारातच टोपी काढली. “राहू द्या तिला,” ते हळूच म्हणाले. “मला द्राक्षांच्या पेट्या न्यायच्यात. सीट असती तरी काढूनच ठेवली असती. ही गाडी मुळात शेतकऱ्यांसाठीच तर बनवलीय.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” यशवंत सुटल्यासारखा म्हणाला. “बघ, प्रश्न मिटला.”

आठवडाभर मालिनीला हेच ऐकायचं होतं. ती ट्रंकांकडे बघत राहिली.

“अहो, ही सीट बोटीवर कुठे घेणार आहेत?” ती यशवंतला म्हणाली. “आपली पाठ वळली की घरमालकीण भंगारात टाकेल.”

तिने झोपलेल्या सुलेखाला खांद्यावर घेतलं आणि क्रेमरना सीट न्यायची खूण केली. क्रेमरनी सीट उचलली. ते जिन्यापाशी पोचले तेव्हा ती मागून जर्मनमध्ये म्हणाली, “गोदामात ठेवलीत तर भिंतीला उभी करू नका. आडवीच असू द्या.”

जिना अरुंद होता. सीट उभी धरली असती तर सहज उतरली असती. क्रेमर ती आडवी धरून, प्रत्येक वळणावर कोपर घासत, एकेक पायरी उतरत गेले.