अनेसूचं वळण

चार वर्षांचा अनेसू सगळ्यांसोबत साद्झाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीच्या, ताटाभोवती जेवायला बसला, की मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देत नसे, तोंडातून शब्द काढत नसे. “शीक जरा त्याच्याकडून!” म्हणत शेजारणी आपल्या पोरांना धपाटे घालत. त्याची चिएद्झा आजी मनात फुलून येई. वळण लावावं तर तिनंच!

एकदा आजी त्याला दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा नर्सनं विचारलं, “आजी, हा कधी तुमच्या डोळ्यांत बघतो का?”

“मोठ्यांच्या डोळ्यांत? आमच्या घरची पोरं उद्धट नाहीत, बाई.”

“तान्हा असतानाही बघत नव्हता? तसं असेल तर तेव्हाच आणायचं होतंत हो त्याला.”

आजीला आपली पोरं आठवली. तिची सातही पोरं दूध पिताना तिच्याकडे टकमक बघायची. नजर खाली ठेवायला पोरं पुढे चापट्या खाऊन शिकली.

अनेसूला तिनं ते कधी शिकवलंच नव्हतं.